गोदावरीच्या दक्षिण तीरावरून

रोजच्या पूजेच्या आरंभीं हातांत पाणी घेऊन आपल्या घरांतील वडील मंडळी जो संकल्प सोडतात, त्यांतील शब्दांकडे आपलें लक्ष बहुधा नसतें. लहानपणापासून कानांवरून जाणारी ती एक गुणगुण असते. ती संपली म्हणजे घंटा वाजते, आणि घंटा वाजली म्हणजे नैवेद्य जवळ आला, एवढाच तिचा आपल्याशीं संबंध. परंतु नीट ऐकलें तर ध्यानांत येतें कीं, संकल्प म्हणजे माणसानें देवाला सांगितलेला आपला पत्ता आहे. प्रथम काळाचा पत्ता: ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा उत्तरार्ध, श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, कलियुगाचा पहिला चरण. मग स्थळाचा: जंबुद्वीप, भरतवर्ष, दंडकारण्य, आणि शेवटीं गोदावरीचें कोणतें तीर. त्यानंतर शक, संवत्सर, अयन, ऋतु, मास, पक्ष, तिथि, वार, नक्षत्र; आणि या सर्वांच्या टोकाला गोत्र आणि आपलें नांव. केवढ्या अफाट पसाऱ्यांतून उतरत उतरत माणूस स्वतःच्या पाटापर्यंत येतो, आणि मग म्हणतो कीं, येथें बसून मी अमुक कर्म करीत आहें.

आमचे मामंजी गेलीं साठ वर्षें हा पत्ता पुण्याच्या सदाशिव पेठेंतून सांगत आले. पुणें गोदावरीच्या दक्षिणेस. म्हणून 'दक्षिण तीर' हे शब्द त्यांच्या जिभेला श्वासोच्छ्वासाइतके सरावलेले. २०२२ सालच्या वैशाखांत आमच्या कुटुंबानें पुणें सोडलें आणि मोटारीनें सुमारें सतराशें किलोमीटरांची वाट चालून डेहराडून येथें बिऱ्हाड केलें, त्या प्रवासाची हकीकत सांगावयास बसलें म्हणजे मला प्रथम आठवतात ते हेच दोन शब्द.

पुणें सोडण्याचें कारण साधेंच होतें. ह्यांना डेहराडूनच्या एका संशोधनसंस्थेंत जागा मिळाली, आणि त्याच सुमारास आमचा जुना वाडा पाडून तेथें नवी इमारत उठवावयाचें सर्व भाऊबंदांनीं मिळून ठरविलें. मामंजी तेव्हां ७८ वर्षांचे. शाळेंत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. सासूबाई ७४ वर्षांच्या. सासूबाईंनीं आपलें मन चार दिवसांत आवरून घेतलें. मामंजींनीं मात्र 'हो' हि म्हटलें नाहीं आणि 'नाहीं' हि म्हटलें नाहीं. त्यांनीं विरोध केला असता तर मला एक वेळ बरें वाटलें असतें. विरोधाला उत्तर देतां येतें. ते एवढेंच म्हणाले, "उन्हाळ्यापुरता येतों." परत यावयास घर उरणार नाहीं हें घरांत सर्वांस ठाऊक होतें, आणि सर्वांत अधिक त्यांना. तरीहि त्या वाक्याला कोणी हरकत घेतली नाहीं. आपण एका वृद्ध माणसाला त्याच्या पाटावरून उठवीत आहों, ही टोचणी मात्र माझ्या मनांत निघण्याच्या दिवसापर्यंत होती, आणि पुढेंहि पुष्कळ दिवस राहिली.

विमानानें हा प्रवास एका दिवसांत सहज झाला असता. पण देव सामानाच्या गाडींत द्यावयाचे नाहींत आणि कोणाच्या तपासणीच्या पट्ट्यावरहि ठेवावयाचे नाहींत, ही मामंजींची अट होती. मोटारहि न्यावयाची होतीच. तेव्हां जड सामान मालमोटारीनें पुढें गेलें, आणि मोटारींत बसलीं सहा माणसें: हे, मी, मामंजी, सासूबाई, बारा वर्षांची थोरली मुलगी आणि आठ वर्षांचा धाकटा. सासूबाईंच्या मांडीवर पितळी डब्यांत रेशमी वस्त्रांत गुंडाळलेले देव. माझ्या पायांशीं लिंबाच्या लोणच्याची बरणी आणि मेटकुटाचा डबा. थोरलीच्या हातांत दाते पंचांग आणि शाळेचा नकाशा. हा शेवटचा सरंजाम तिनें स्वतः होऊन घेतला होता, आणि खरें सांगावयाचें तर प्रवासांत सर्वांत उपयोगी तोच पडला.

आदल्या दुपारीं तिनें अंगणांत एक काठी उभी करून आम्हांला बोलावलें होतें. मे महिन्याच्या मध्यास पुण्यांत सूर्य भरदुपारीं थेट डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायांखालीं नाहींशी होते. त्या काठीची सावली अगदीं बोटभर उरली होती. वाड्याच्या अंगणांत आम्हीं सर्वांनीं मिळून पाहिलेली ती शेवटची गोष्ट.

१३ मे, वैशाख शुद्ध द्वादशी. पहाटे चार वाजतां निघालों. चाकण, नारायणगांव, संगमनेर, सिन्नर करीत नऊच्या सुमारास नाशिकांत पोंचलों. रामकुंडावर सासूबाईंनीं गोदावरीची ओटी भरली. मामंजींनीं ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलें आणि ते कांहीं न बोलतां गाडींत येऊन बसले. येथून मुंबई-आग्रा मार्ग लागतो. चांदवडच्या डोंगरापाशीं अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आहे. तो लांबूनच पाहून दुपारीं धुळ्यास मुक्काम केला.

त्या उन्हाळ्याविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९०१ पासून ठेवलेल्या नोंदींत भारतांतील सर्वांत उष्ण मार्च महिना २०२२ चा ठरला होता, आणि मे महिन्यांतहि उत्तरेकडे आगीचा वर्षाव चालू होता. म्हणून आम्हीं नियम केला कीं, पहाटे चारला निघावयाचें आणि दुपारच्या आंत मुक्काम गांठावयाचा. जेथें दिवसाची मजल फारच लांब, तेथें दुपारचे चार तास सावलींत काढून मग पुढें जावयाचें. ज्यांना वृद्ध माणसें घेऊन असा प्रवास करावयाचा असेल, त्यांना अनुभवाची एक गोष्ट सांगून ठेवतें. उतारवयांत तहानेची जाणीव मंद होते. शिवाय वाटेंत गैरसोय होईल या संकोचानें आपलीं वडील माणसें, विशेषतः बायका, पाणी पिण्याचेंच टाळतात. "तहान नाहीं" या त्यांच्या शब्दावर विसंबूं नये. दर दोन तासांनीं, कोणी मागो वा न मागो, स्वच्छ जागा पाहून गाडी थांबवावी आणि सर्वांनींच उतरावें. म्हणजे कोणाला आपल्यामुळें खोळंबा झाला असें वाटत नाहीं. कैरीच्या पन्ह्याचा अर्क, मीठ-साखर आणि लिंबें बरोबर असावींत. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस उत्तम टिकते. दहीभात टिकत नाहीं.

असो. धुळ्याच्या मुक्कामीं स्नान करून मामंजी पूजेस बसले. खोलींतल्या मेजावर देव मांडले. संकल्पांत नेहमींप्रमाणें गोदावरीचें दक्षिण तीर आलें. थोरलीला त्यांनींच संकल्प शिकविला होता, ती चटकन् म्हणाली, "आजोबा, सकाळींच आपण गोदावरी ओलांडली. आतां उत्तर तीर नको का?"

मामंजी रागावले नाहींत. पूजा आटोपून, गंध उगाळलेली सहाण पुशीत म्हणाले, "बाळ, प्रवासांतल्या माणसाला कोणी पत्ता विचारला तर तो धर्मशाळेचा सांगत नाहीं, घरचा सांगतो." उत्तर बिनतोड होतें. पण माझ्या मनांत आलें, त्या घरच्या पत्त्यावर आतां कुलूप आहे, आणि कुलूपहि थोड्या दिवसांचेंच.

दुसऱ्या दिवशीं तापी ओलांडली, बिजासनचा घाट चढून सातपुडा मागें टाकला आणि सकाळच्या उन्हांत खलघाटला नर्मदेच्या पुलावर आलों. नकाशावर बोट ठेवून बसलेल्या थोरलीनें येथें एक शोध लावला, तो मला तरी नवा होता. पुण्याहून निघाल्यावर इंद्रायणी, भीमा, प्रवरा, गोदावरी या ज्या नद्या लागतात, त्या सर्व पूर्वेकडे धांवणाऱ्या. चांदवडचा डोंगर ओलांडला कीं गिरणा आणि पांझरा भेटतात; त्यांचें पाणी तापीला जातें, आणि तापी व नर्मदा पश्चिमेकडे समुद्राला मिळतात. पुढें विंध्य चढून माळव्यांत गेलें म्हणजे क्षिप्रा, पार्वती, सिंध, चंबळ या सगळ्या उत्तरेकडे वळलेल्या, यमुनेच्या भेटीला निघालेल्या. "म्हणजे मानपूरचा घाट चढल्यावर नद्यासुद्धां आपल्याच वाटेनें जातात," असें ती म्हणाली. आजवर आडव्या येणाऱ्या नद्या यापुढें आमच्या सोबतीनें चालणार होत्या. सासूबाईंना ही कल्पना फार आवडली. मामंजी खिडकीबाहेर पाहात राहिले.

इंदुरास ह्यांच्या चुलत आत्याबाईंकडे उतरलों. त्यांच्या सासरचें घराणें होळकरशाहीच्या काळापासून तेथें स्थायिक आहे. अठराव्या शतकांत मराठ्यांची सत्ता नर्मदेपलीकडे गेली, तेव्हां इंदुरास होळकर, धार-देवासला पवार आणि उज्जयिनीस व पुढें ग्वाल्हेरीस शिंदे यांच्या मागोमाग कारकून, भिक्षुक, वैद्य, आचारी अशीं शेंकडों कुटुंबें उत्तरेकडे आलीं. नोकरीपुरतीं म्हणून आलीं आणि राहिलीं. त्यांच्या मराठींत माळवी हेल आहे, पोह्यांवर शेव आहे. पण चैत्रांत गौर बसते आणि भाद्रपदांत उकडीचे मोदकहि होतात.

दुपारीं त्या घरच्या यजमानांबरोबर मामंजी देवघरांत बसले. दोघांनीं एकाच वेळीं हातांत पाणी घेतलें. शब्दामागून शब्द बरोबर चालले होते. कल्प, मन्वंतर, जंबुद्वीप, भरतवर्ष इथपर्यंत दोन आवाजांचा एक आवाज होता. मग एकानें गोदावरीचें दक्षिण तीर म्हटलें आणि दुसऱ्यानें नर्मदेचें उत्तर तीर. क्षणभरच फाटा फुटला. शक-संवत्सराशीं दोन्ही आवाज पुन्हां एक झाले.

जेवतांना मामंजींनीं सहज विचारावें तसें विचारलें, "आपल्या घराण्यांत नर्मदा म्हणावयास केव्हां सुरुवात झाली असेल?"

यजमान हंसले. म्हणाले, "नोंद कोठें नाहीं. पण मला वाटतें, ज्या वर्षीं घरांत परत जाण्याची भाषा बंद झाली असेल, त्या वर्षीं."

यानंतर मामंजींनीं भाताला हात लावला नाहीं. ताक तेवढें घेतलें. सासूबाईंनीं माझ्याकडे पाहिलें आणि मीं पानाकडे.

उत्तरेच्या या वाटेवरून जाणाऱ्या मराठी माणसांचे दोन वर्ग करतां येतील, असें मला तेव्हांपासून वाटूं लागलें आहे. एक वर्ग कावड घेऊन परत येणाऱ्यांचा. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे हे त्यांतले. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, या आशेनें ते १८५७ सालीं काकांबरोबर पायीं निघाले; वाटेंतच बंडाची बातमी आली, झांशीच्या वेढ्यांत ते सांपडले, मिळविलेलें बहुतेक गमावलें, आणि तरीहि गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरीं परतले. त्यांची 'माझा प्रवास' ही हकीकत भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केली. गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हेहि याच वर्गांतले. ग्वाल्हेरीस वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशीं राहून त्यांनीं जी गायकी मिळविली, ती त्यांनीं महाराष्ट्रांत आणली, आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं ती देशभर नेली. तीहि एक कावडच.

दुसरा वर्ग तेथेंच चूल मांडणाऱ्यांचा. तिसऱ्या दिवशीं पहाटे क्षिप्रा ओलांडून देवासला पोंचलों, तेव्हां माताजीच्या टेकडीमागें उजाडत होतें. कुमार गंधर्व क्षयाच्या दुखण्यानें १९४८ सालीं येथें आले, ते कोरड्या हवेसाठीं. गाणें बंद, अंथरुणावर पडून राहणें एवढेंच काम. बेळगांवकडचा हा तरुण गवई त्या वर्षांत कान देऊन ऐकत राहिला, तीं माळव्याच्या बायाबापड्यांचीं गाणीं. दुखणें हटल्यावर त्यांच्या गायनांत त्या लोकधुनांचा जो नवा झरा आला, नवे राग आले, त्याची साक्ष 'अनूपरागविलास' हा त्यांचा १९६५ चा ग्रंथ देतो. प्रकृति सुधारल्यावर त्यांना कोठेंहि जातां आलें असतें. ते १९९२ सालीं देह ठेवीपर्यंत देवासलाच राहिले. हें मी गाडींत सांगितलें. मामंजी प्रथमच बोलले: "गातां येईना, म्हणून ऐकावें लागलें." मग थोड्या वेळानें, "तेंहि तरुणपणीं साधतें."

शाजापूरच्या आसपास कर्कवृत्त लागतें. थोरलीनें गाडी थांबवावयास लावून रस्त्याकडेला सर्वांना उतरविलें आणि जाहीर केलें कीं, याच्या उत्तरेस सूर्य कधींहि थेट माथ्यावर येत नाहीं. आपल्या अंगणांतल्या काठीची गंमत येथून पुढें बंद. धाकट्यानें आपल्या सावलीला निरोप द्यावा तसा हात हलविला. पार्वती आणि सिंध ओलांडून शिवपुरीस मुक्काम पडला. येवल्याकडून निघालेल्या कुळांतले तात्या टोपे १८५९ च्या एप्रिलांत येथेंच फांशीं गेले. दुसरे दिवशीं, १६ मे रोजीं, थोडक्याच मजलेनें ग्वाल्हेरीस आलों आणि वडील मंडळींच्या विश्रांतीसाठीं तो दिवस तेथेंच काढला. संध्याकाळीं फुलबागेंत झांशीच्या राणीच्या समाधीचें दर्शन घेतलें. १९६१ सालीं मराठी साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षस्थानीं प्रथमच एक स्त्री बसली, त्या कुसुमावती देशपांडे. आणि तें संमेलनहि याच ग्वाल्हेरींत भरलें होतें, हें मीं मुलीला मुद्दाम सांगितलें.

त्या रात्रीं पौर्णिमेनंतरचा वाटोळा चंद्र होता. मुलें आजोबांना गच्चीवर घेऊन गेलीं. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशांत सुमारें दहा अंश झांकते, हें थोरलीला ठाऊक होतें. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, तितके त्या गांवाचे अक्षांश. पुण्यांत ध्रुव दोन मुठींहून किंचित् खालीं असे, कारण पुणें साडेअठरा अंशांवर. ग्वाल्हेर सव्वीस अंशांवर. तेथें तो अडीच मुठींच्या वर गेला होता. डेहराडून तिसाच्या वर, म्हणजे तेथें तीन मुठी होणार.

"ध्रुव तर अढळ ना, आजोबा?" धाकट्यानें विचारलें.

"तो अढळच आहे," मामंजी म्हणाले. "हललों आपण."

सकाळीं एक निराळाच पेंच निघाला. विश्रामगृहाच्या भिंतीवर हिंदी दिनदर्शिका होती. तिच्यावर ज्येष्ठ कृष्णपक्ष छापलेला, आणि थोरलीच्या पंचांगांत वैशाख वद्य. मामंजींनीं तिला समजावून दिलें. आपला महिना अमावास्येला संपतो. उत्तरेकडे तो पौर्णिमेला संपतो. म्हणून शुद्धपक्षांत दोन्हीकडे महिन्याचें नांव एक, आणि वद्यपक्षांत ते लोक एक नांव पुढें. आपली माघांतली महाशिवरात्र त्यांच्या फाल्गुनांत, आपला श्रावणांतला गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांच्या भाद्रपदांत. रात्र मात्र तीच. संवत्सराचें नांवहि जुळत नाहीं, कारण गुरूच्या गतीचा मेळ घालण्यासाठीं उत्तरेकडे सुमारें ८५ वर्षांनीं एक संवत्सर गाळतात आणि दक्षिणेकडे गाळीत नाहींत. आपला तो शुभकृत् चालला होता, त्यांचा निराळा. "चंद्र एकच आहे," ते म्हणाले, "फक्त त्याला हाक मारण्याची रीत वेगळी." शिकवीत असतां त्यांचा आवाज कित्येक दिवसांनीं मोकळा झाला होता. पण मग पूजेंत पुन्हां दक्षिण तीर आलें. थोरलीनें आतां टोकणें सोडून दिलें होतें. ती नुसती पाहात असे.

पुढील वाट लवकर सांगतां येईल. चंबळेच्या भुसभुशीत दऱ्या, आग्र्याची यमुना, मग सरळ रुंद मार्ग, दिल्ली डाव्या हातास ठेवून मीरतचा मुक्काम. १८ मे रोजीं उंसाच्या शेतांतून रुडकीस आलों. तेथें सासूबाईंना गंगा प्रथम दिसली ती नदींत नव्हे, कालव्यांत. १८५४ सालीं सुरू झालेला गंगेचा मोठा कालवा त्या गांवांतून वाहतो. "एवढी वर्षें वाट पाहिली, आणि भेटली ती कामावर जातांना," असें म्हणून त्यांनीं तेथेंच ओटी भरली. मोहंडपासून सालाचें दाट वन लागलें, शिवालिकाचा घाट आला, डाटकालीच्या देवळाजवळच्या बोगद्यांतून आम्ही बाहेर पडलों आणि समोर दून खोरें उघडलें: उत्तरेस हिमालयाची निळी भिंत, दक्षिणेस शिवालिक, पूर्वेस गंगा, पश्चिमेस यमुना.

नव्या घरीं आमच्या आधीं पोंचावयाचें सामान आमच्या मागून अकरा दिवसांनीं आलें, आणि सासूबाईंच्या सासूबाईंचा पाटा दोन तुकडे होऊन आला. सामान नेणाऱ्यांनीं कागदावर सही घेतली आणि हात जोडले. मला रडूं आलें, सासूबाई म्हणाल्या, "वरवंटा शाबूत आहे ना? मग पाटा येथला घेऊं." दुसऱ्या आठवड्यांत एका पाथरवटाकडून करड्या दगडाचा पाटा आला. त्यावर पहिली चटणी झाली, ती खोबरें आणि येथल्या भांगजिऱ्याची. चव कांहीं भलतीच, पण पान कोणी टाकलें नाहीं.

जुलैंत गल्लींत तीन श्रावण आले. समोरच्या घरचीं माणसें मैदानी मुलखांतलीं. त्यांचा श्रावण १४ जुलैला सुरू झाला. शेजारच्या गढवाली आजी सौरमासानें चालणाऱ्या, त्यांचा कर्कसंक्रांतीपासून. आमचा २९ जुलैपासून. तिन्ही घरांतून प्रसादाच्या वाट्या येऊं जाऊं लागल्या. आपण कोणता सोमवार धरावा, हा प्रश्न सासूबाईंनीं मामंजींना विचारलाच नाहीं. त्यांनीं पहिल्या श्रावणापासून आमचा श्रावण संपेपर्यंत सर्व सोमवार धरले. चाराचे सहा झाले. "शंकराची तक्रार नसावी," एवढेंच त्या म्हणाल्या.

मामंजी मात्र अजून उन्हाळ्यापुरते आलेले होते. उन्हाळा सरून पावसाळा लागला. पुण्याच्या दुपटीहून अधिक पडणारा येथला पाऊस ते व्हरांड्यांत खुर्ची टाकून पाहात, आणि सकाळीं संकल्पांत गोदावरी म्हणत.

भाद्रपदाचा वद्यपक्ष आला. त्यांच्या वडिलांची तिथि होती. गढवाली आजींनीं आपले पुरोहित मिळवून दिले. स्वयंपाकघरांत खीर, वडे, घोसाळ्याचीं भजीं, आमसुलाची चटणी असें सर्व यथासांग झालें होतें. मी दाराशीं उभी होतें. मामंजींनीं दर्भाचें पवित्रक घातलें, हातांत पाणी घेतलें आणि संकल्पास आरंभ केला. जंबुद्वीप, भरतवर्ष येथवर आवाज नेहमींसारखा आला, आणि थांबला. पुरोहितांना वाटलें, विसरले. ते पुढचा शब्द सांगूं लागले. मामंजींनीं डाव्या हातानें त्यांना थांबविलें. ओंजळींतलें पाणी बोटांच्या फटींतून ठिबकत होतें. मग त्यांनीं सावकाश, एकेक शब्द जुळवीत, केदारखंड म्हटलें, आणि गंगा व यमुना यांच्या मधली भूमि म्हटली. पुढें शक शालिवाहनाचा, संवत्सर शुभकृत्, आणि मास भाद्रपद. पुरोहितांच्या पंचांगांत तो आश्विन होता, तरी भाद्रपदच. स्थळ त्यांनीं बदललें. काळ मात्र आपलाच ठेविला.

जेवणें झाल्यावर थोरली त्यांच्याजवळ जाऊन बसली. तिनें कांहीं विचारलें नाहीं, तेच म्हणाले, "देवाचें निराळें आहे, बाळ. त्याला कोठलाहि पत्ता दिला तरी तो सर्वत्र आहे. चूक त्याच्या बाजूनें सुधारून घेतो. पितर मात्र सांगितलेल्या पत्त्यावर येतात. माझे वडील तेथें जाऊन उभे राहिले असते. सदाशिव पेठेंत आतां दार उघडावयाला कोण आहे?"

त्या रात्रीं आमचा वाडा पाडण्यास सुरुवात झाल्याचें पत्र ह्यांच्या हातांत चार दिवसांपासून होतें, आणि तें मामंजींना कसें सांगावें या विचारांत आम्ही दोघे होतों, हें मला येथें सांगितलें पाहिजे. सांगावें लागलें नाहीं. त्यांना तें आमच्या चेहऱ्यांवरून केव्हांच कळलें होतें.

डेहराडूनमध्यें गांवांतून जे ओढे वाहतात त्यांपैकीं कांहींचें पाणी सोंग नदीवाटे गंगेला जातें, आणि कांहींचें आसनवाटे यमुनेला. मध्यें फार मोठा उंचवटा नाहीं. एखादें छप्पर अलीकडे असलें तर त्याच्यावरचा पाऊस एकीकडे, पलीकडे असलें तर दुसरीकडे. आमच्या छपराचें पाणी कोणत्या नदीला मिळतें, याचा शोध थोरलीनें अजून पुरा केलेला नाहीं. आजोबांनीं तिला तो नकाशावर नव्हे, पावसांत छत्री घेऊन, ओढ्याच्या कडेनें चालत जाऊन करावयास सांगितला आहे. आणि आपणहि बरोबर येतों असें म्हटलें आहे.